दोन स्ट्रीम, बिल एकाच स्ट्रीमचं: देवनहळ्ळीच्या धुक्यातला हिशेब

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंगळूरच्या देवनहळ्ळी विमानतळावर पहाटेचं धुकं ठरलेलं. समुद्रसपाटीपासून सुमारे ९१५ मीटर उंचीचं पठार, भोवती तळी आणि शेतं, वारा पडलेला, आभाळ निरभ्र. अशा रात्री जमीन लवकर निवते आणि ऊन चढेपर्यंत धावपट्टी दिसेनाशी होते. उतरायला आलेली विमानं वर घिरट्या घालतात, काही चेन्नईकडे नाहीतर हैदराबादकडे वळवली जातात. २०१९च्या डिसेंबरात दुसरी धावपट्टी सुरू झाली, पुढे तिथे अगदी कमी दृश्यमानतेतही उतरू देणारी कॅट-थ्री-बी यंत्रणाही आली आणि परिस्थिती पुष्कळ सुधारली. पण त्या यंत्रणेचा फायदा घ्यायचा तर विमान तसं सज्ज हवं आणि वैमानिकही तसे प्रशिक्षित हवेत. शिवाय जिथून विमान निघायचं तिथेच उशीर झाला असेल, तर इथल्या यंत्रणेचा काय उपयोग? साडेपाचचं विमान सातला येतं, आणि त्याचा फटका रोजच्या रोज बसतो तो गाडीवाल्यांना.

समजा, बेळगावहून येऊन इथे सहा गाड्या चालवणारा एक मालक आहे. त्याची मागणी साधी: विमान कधी उतरणार ते चालकाच्या फोनवर दिसलं पाहिजे, म्हणजे पार्किंगमध्ये दीड तास बसून राहावं लागणार नाही. डेव्हलपर म्हणतो, सोपं आहे. दोन स्ट्रीम ठेवू. एक सावकाश, दर दहा मिनिटांनी आगमनांची यादी आणणारी; दुसरी जलद, दर मिनिटाला आणणारी. धुकं असेल तर जलद, नसेल तर सावकाश. कोडमध्ये ही एक ओळ आहे. पण ती ओळ चार-पाच तऱ्हांनी लिहिता येते. त्यांतल्या बहुतेक तऱ्हांत चालकाला पडद्यावर अगदी तेच दिसतं, आणि महिन्याचं बिल मात्र तेराशे रुपयांपासून साडेएकोणीस हजारांपर्यंत कुठेही जाऊ शकतं.

ज्यांचा कोडशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढंच: रिअ‍ॅक्टिव्ह पद्धतीत डेटा एकदा मागून घ्यायचा नसतो, तो येत राहतो आणि आपण त्याला सबस्क्राइब करतो. मायक्रोसॉफ्टमध्ये एरिक मायर यांच्या गटानं ही कल्पना ‘आरएक्स’ या नावानं घडवली. २०१२मध्ये ती ओपन सोर्स झाली, २०१३मध्ये नेटफ्लिक्सनं तिची जावा आवृत्ती खुली केली, आणि २०१६मध्ये अँग्युलर २ आलं तेव्हा ती वेब डेव्हलपरांच्या गळ्यात पडली. (हौसेनं शिकलेले थोडे, नाइलाजानं शिकलेले फार.) सबस्क्राइब केलं की काम सुरू होतं आणि त्याबरोबर खर्चही. अनसबस्क्राइब केलं की दोन्ही थांबतात, निदान थांबायला हवेत. बिलाची सगळी गोष्ट या शेवटच्या वाक्यात आहे. निवडलेल्या स्ट्रीमचे पैसे आपण आनंदानं देतो. अंगावर येतं ते न निवडलेल्या, पण आत चालूच राहिलेल्या स्ट्रीमचं बिल.

अट फुकट मिळते

धुकं आहे की नाही हे सांगणारा डेटा विकत घ्यायची गरज नाही. प्रत्येक मोठ्या विमानतळाचा हवामान-अहवाल ठरावीक साच्यात निघतो, त्याला मेटार म्हणतात. बंगळूरचा संकेत व्हीओबीएल. तो दर अर्ध्या तासाला येतो, आणि हवा अचानक बदलली तर मध्येच विशेष अहवालही निघतो. अमेरिकेच्या एव्हिएशन वेदर सेंटरच्या एपीआयवर जगभरचे मेटार पैसे न देता, नोंदणी न करता मिळतात. मिनिटाला १०० रिक्वेस्टची मर्यादा आहे. आपल्याला दहा मिनिटांना एक पुरते, म्हणजे दिवसाला १४४.

मेटारची ओळ एकदा वाचायला शिकली की डेव्हलपर काय सांगतोय ते मालकालाही तपासता येतं. व्हीओबीएलनंतर तारीख आणि वेळ येते, ती यूटीसीमध्ये. ०१०० झेड म्हणजे आपले सकाळचे साडेसहा. इथे साडेपाच तासांची गल्लत झाली तर अ‍ॅप पहाटेचं धुकं मध्यरात्रीनंतरच्या गाड्यांना लावून मोकळं होतं, म्हणून हा मुद्दा डेमोच्या वेळी विचाराच. मग वाऱ्याचा गट, आणि त्यानंतर चार आकडे: दृश्यमानता, मीटरमध्ये. ०३०० म्हणजे ३०० मीटर. ९९९९ म्हणजे दहा किलोमीटर किंवा त्याहून जास्त. पुढे एफजी दिसलं तर धुकं, म्हणजे दृश्यमानता १,००० मीटरच्या खाली. बीआर दिसलं तर विरळ धुकं, १,००० ते ५,०००च्या मध्ये. आरपासून सुरू होणारा गट असेल तर ती खास धावपट्टीवर मोजलेली दृश्यमानता, आरव्हीआर. साध्या कॅट-वन पद्धतीनं उतरायला ती ५५० मीटर लागते.

म्हणून काही जण अटीत सरळ ५५० हा आकडा टाकतात. माझ्या मते ते चूक आहे. ५५०ला पोचेपर्यंत विमानं रखडायला लागलेली असतात, आणि चालक घरून निघालेला असतो. १,५००च्या खाली गेलं की जलद स्ट्रीम चालू आणि ३,०००च्या वर आलं की बंद, असे दोन आकडे ठेवावेत. दोन का? एकच आकडा ठेवला आणि दृश्यमानता त्याच्या आसपास रेंगाळली, तर अट चालू-बंद, चालू-बंद होत राहते, आणि प्रत्येक बदलाला नव्यानं जोडणी, नव्यानं पहिली यादी, नव्यानं पैसे. आरएक्समध्ये मागची स्थिती लक्षात ठेवायला ‘स्कॅन’ हा ऑपरेटर आहे. काम चार ओळींचं आहे.

हवामानाच्या विकतच्या सेवाही आहेत. ओपनवेदरची वन कॉल ३.० रोज १,००० कॉल फुकट देते आणि पुढे कॉलला ०.००१५ डॉलर घेते. महाग नाही. पण तिचा भर गणिती अंदाजावर असतो, आणि मेटार त्या धावपट्टीजवळ प्रत्यक्ष मोजलेला असतो. या कामासाठी तिथे पैसे घालू नका.

अटीबद्दल आणखी एक, आणि हे बहुतेक कोटेशनांत सुटतं: मेटारच आला नाही तर? अट स्वतः एक स्ट्रीम आहे. तिच्याकडून पहिला शब्द येईपर्यंत पुढचं काहीच हलत नाही, पडदा कोरा राहतो. त्यासाठी ‘स्टार्टविथ’नं एक गृहीत उत्तर द्यावं लागतं. थंडीत पहाटे तीन ते नऊ या वेळात ते ‘धुकं आहे’ असावं, एरवी ‘नाही’. चुकलंच तर थंडीतल्या एखाद्या सकाळचे चार पैसे जातील, गिऱ्हाईक जाणार नाही.

मूळ हिशेब

विमानांची माहिती देणाऱ्या सेवांचे दर वेगवेगळे आणि बदलते असतात, म्हणून इथे एक आकडा धरून चालू. तुमच्या दरपत्रकातला टाकून पुन्हा मांडा. कॉलला अर्धा सेंट, डॉलर ९० रुपये, म्हणजे कॉलला ४५ पैसे. कामाची वेळ पहाटे चार ते आठ. महिना तीस दिवसांचा, त्यात धुक्याच्या दहा सकाळी.

सहा फोन आपापले दर मिनिटाला कॉल मारत असतील तर सकाळला १,४४० कॉल, ६४८ रुपये. महिन्याला १९,४४०. हा सगळ्यात आळशी मार्ग, आणि दुर्दैवानं सगळ्यात जास्त दिसणारा, कारण यात सर्व्हर लागत नाही.

तोच कॉल एका सर्व्हरनं मारून सहा फोनांना वाटला तर सकाळला २४० कॉल, १०८ रुपये, महिन्याला ३,२४०. म्हणजे अटीबिटीच्या भानगडीत पडायच्या आधीच पाच-षष्ठांश बिल गेलं. कोणतीही हुशारी करण्याआधी ही वाटणी करून घ्या. फोन विकतच्या एपीआयशी बोलता कामाच नयेत; त्यांनी फक्त आपल्या सर्व्हरचं ऐकावं. सहा फोनांसाठी फायरबेसचा रिअलटाइम डेटाबेस फुकटात भागतो, तिथे बिनपैशाच्या योजनेत एका वेळी १०० जोडण्या चालतात. एपीआयची किल्ली फोनमधल्या अ‍ॅपमध्ये राहत नाही, हा दुसरा फायदा.

आता अट लावू. धुक्याच्या दहा सकाळी दर मिनिटाला: १,०८० रुपये. उरलेल्या वीस सकाळी दर दहा मिनिटांना: २४ कॉल, १० रुपये ८० पैसे, वीस दिवसांचे २१६. एकूण १,२९६. धुकं नसलेल्या महिन्यात हेच ३२४ रुपये. चार महिने धुक्याचे धरले तर अटीमुळे वर्षाला ३१,१०४ रुपये वाचतात. डेव्हलपरचे सोळा तास, ताशी १,००० रुपये धरले तरी सोळा हजार सहा-सात महिन्यांत वसूल.

एक खाच दरपत्रकात बघा: काही सेवा कॉलमागे नाही, तर निकालाच्या पानामागे पैसे घेतात. बंगळूरच्या आगमनांची यादी एका पानात मावत नाही. तीन पानं लागली तर वरचे आकडे तिप्पट करा, आणि तेव्हा सहाच विमानं हवी असतील तर यादी आणायची की सहा स्वतंत्र कॉल, हेही मांडून बघा. (तीन पानं तरीही स्वस्त पडतात.)

ती एक ओळ कशी लिहिली आहे

आता मुख्य भाग. १,२९६ हा आकडा कागदावरचा आहे; तो प्रत्यक्षात यायचा तर निवड नीट लिहिलेली हवी.

आरएक्सच्या जावास्क्रिप्ट आवृत्तीत, म्हणजे आरएक्सजेएसमध्ये, ‘आयआयएफ’ नावाचं एक फंक्शन आहे: अट द्या, खरी असेल तर ही स्ट्रीम, नसेल तर ती. नाव बघून नवखा डेव्हलपर तेच उचलतो. पण आयआयएफ अट तपासतं ते सबस्क्राइब होतानाच, एकदाच. चार वाजता चालकानं अ‍ॅप उघडलं तेव्हा आकाश स्वच्छ होतं. पाचला धुकं उतरलं. अ‍ॅप सावकाश स्ट्रीमवरच बसून राहिलं. बिल कमी येईल, पण ज्या कामासाठी अ‍ॅप बनवलं तेच होणार नाही. लॉगइन आहे की नाही, सशुल्क गिऱ्हाईक आहे की फुकटा, अशा मध्येच न बदलणाऱ्या अटींना आयआयएफ उत्तम. धुक्याला नाही.

आयआयएफची दुसरी खोच पैशाची आहे. त्याला दोन पर्याय देताना डेव्हलपर बहुधा दोन फंक्शनं तिथल्या तिथे चालवून त्यांची उत्तरं देतो. ती फंक्शनं आळशी ऑब्झर्व्हेबल (म्हणजे स्ट्रीम) परत करत असतील तर काही बिघडत नाही, सबस्क्राइब होईपर्यंत ती झोपलेली असतात. पण आत साधा फेच कॉल असेल, म्हणजे प्रॉमिस, तर तो हाक मारल्या क्षणीच सुटतो. अट एकीकडे बोट दाखवते आणि रिक्वेस्ट दोन्हीकडे जाते. यावर उपाय ‘डिफर’: पर्याय त्यात गुंडाळला की सबस्क्राइब होईपर्यंत काहीच चालत नाही. जावातल्या रिअ‍ॅक्टरमध्ये हाच सापळा ‘स्विचइफएम्प्टी’मध्ये आहे. कॅशेत सापडलं नाही तरच महागडा कॉल, असं वाचताना वाटतं, पण महागडं फंक्शन तिथेच चालवून त्याचं उत्तर ‘मोनो डॉट जस्ट’मध्ये ठेवलं असेल तर कॅशेत सापडलं तरी तो कॉल होतोच. तिथेही डिफरच. कोड तपासणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारायला सांगेन: दोन्ही पर्याय डिफरमध्ये आहेत का?

दुसरी तऱ्हा म्हणजे दोन्ही स्ट्रीम ‘मर्ज’ करायच्या आणि अटीप्रमाणे ‘फिल्टर’ लावायचा. वाचायला सुटसुटीत, पडद्यावर अगदी बरोबर. पण फिल्टर फक्त येणारं उत्तर फेकून देतो. कॉल झालेला असतो. दोन रिक्षा थांबवायच्या, एकीत बसायचं आणि दुसरीला मीटर चालू ठेवून मागून यायला सांगायचं, तसा हा प्रकार. महिन्याचं बिल ३,२४० अधिक ३२४, म्हणजे ३,५६४. अट नसती तरी यापेक्षा कमी आलं असतं! ‘कम्बाइनलेटेस्ट’नं दोन्हीची शेवटची उत्तरं एकत्र करून त्यांतलं एक निवडणं हाही तोच खर्च. यात एक गुण आहे, तो मान्य करायला हवा: बदल क्षणात होतो, कारण दुसरी स्ट्रीम गरम असते. शेअर बाजाराच्या पडद्याला ते परवडतं. टॅक्सीला एक मिनिट थांबायला काय हरकत आहे?

योग्य तऱ्हा ‘स्विचमॅप’ची. अटीची स्ट्रीम पुढे ठेवायची. तिच्याकडून नवा शब्द आला की स्विचमॅप आधीची आतली स्ट्रीम सोडतो आणि नवीन धरतो. एका वेळी एकच चालू. कोटलिनमध्ये याचंच नाव ‘फ्लॅटमॅपलेटेस्ट’, आणि चालकांचे फोन अँड्रॉइड असल्यानं तुमच्या डेव्हलपरच्या तोंडी बहुधा हेच येईल. पण याच्या आधी ‘डिस्टिंक्ट अनटिल चेंज्ड’ हवंच. का ते बघा. मेटार दर दहा मिनिटांनी तपासला जातो आणि दर वेळी ‘धुकं आहे’ असंच उत्तर येतं. स्विचमॅपला ते जुनं उत्तर आहे हे कळत नाही. तो चालू स्ट्रीम तोडून तीच पुन्हा जोडतो. दर मिनिटाच्या पोलिंगवर याचा फटका किरकोळ, सकाळचे दहा-अकरा रुपये. पण फोन थेट फायरस्टोअरवर ऐकत असतील आणि ही निवड फोनमध्ये होत असेल, आणि फोनवरचा कॅश बंद असेल, तर प्रत्येक नवा लिसनर सगळी यादी पुन्हा वाचतो. यादीत २०० नोंदी, सहा फोन, चार तासांत २४ पुनर्जोडण्या: २८,८०० वाचनं. फायरस्टोअरची रोजची फुकट मर्यादा ५०,००० आहे. निम्म्याहून जास्त नुसती उगाचच गेली. डिस्टिंक्ट अनटिल चेंज्ड एका शब्दाचं काम आहे आणि त्याला काही खर्च येत नाही.

स्विचमॅप कुठे वापरू नये हेही सांगतो, कारण एकदा आवडला की लोक तो सगळीकडे लावतात. पैसे भरणं, बुकिंग पक्कं करणं, काहीही लिहिणारी रिक्वेस्ट असेल तिथे नाही. तो मधली रिक्वेस्ट आपल्या बाजूनं सोडून देतो, पण सर्व्हरवर ती पोचलेली असू शकते. गिऱ्हाईकानं दोनदा बटण दाबलं की दोन बुकिंगं आणि उत्तर एकाचंच. तिथे ‘एक्झॉस्टमॅप’ किंवा ‘कॉन्कॅटमॅप’. आणि वाचणाऱ्या रिक्वेस्टलाही लक्षात ठेवा: आपण मधेच सोडली म्हणून सेवा देणारा ती बिलातून वगळत नाही.

‘रेस’बद्दल दोन वाक्यं पुरेत. दोन सेवांना एकाच वेळी विचारायचं आणि जी आधी बोलेल तिचं ऐकायचं. हरलेल्या सेवेचेही पैसे प्रत्येक वेळी द्यायचे. त्यापेक्षा ‘टाइमआउट’ लावा: पहिली पाच सेकंदांत बोलली नाही तरच दुसरी. आरएक्सजेएस ७मध्ये टाइमआउटलाच पर्यायी स्ट्रीम देता येते.

आणि आता तो प्रकार, ज्यानं बिल खरोखर फुटतं. जलद स्ट्रीम अनेक ठिकाणी लागते म्हणून डेव्हलपर तिला ‘शेअररिप्ले’ लावतो. हेतू चांगला: एक कॉल, अनेकांना वाटणी. पण शेअररिप्लेला नुसता आकडा दिला तर शेवटचा ऐकणारा निघून गेला तरी तो मूळ स्ट्रीम धरूनच ठेवतो. धुकं निवळलं, स्विचमॅपनं जलद स्ट्रीम सोडली, पडद्यावर सावकाश यादी आली, सगळे खूश. आणि सर्व्हर आतल्या आत दर मिनिटाला कॉल मारतोच आहे. दुपारी, संध्याकाळी, रात्री. दिवसाला १,४४० कॉल, ६४८ रुपये. महिन्याच्या पहिल्या तारखेला धुकं पडलं असेल तर महिनाअखेर १९,४४०. सहा फोनांच्या आळशी मार्गाइतकंच बिल, फक्त या वेळी ‘सगळं नीट बांधून घेतलं’ या समाधानासकट. उपाय: शेअररिप्लेला ‘रेफकाउंट’ खरा करून द्यायचा, ही सोय आरएक्सजेएस ६.४पासून आहे. कोटलिनमध्ये ‘शेअरिंग स्टार्टेड’ला ‘व्हाइलसबस्क्राइब्ड’ द्यायचं, ‘ईगरली’ नाही. व्हाइलसबस्क्राइब्डमध्ये ५,००० मिलिसेकंद टाकायची पद्धत आहे, म्हणजे चालकानं फोन आडवा केला तर स्ट्रीम तुटून पुन्हा जोडली जात नाही, आणि अ‍ॅप बंद केलं तर पाच सेकंदांत थांबते.

राहिला ‘कॅचएरर’. तो स्विचमॅपच्या आत, प्रत्येक स्ट्रीमला वेगळा लावा. बाहेर लावला तर जलद सेवेकडून एकदा चूक आली की अख्खी साखळीच पर्यायावर जाऊन बसते आणि पुढे धुकं आलं काय, गेलं काय, बदल होत नाही. ‘रीट्राय’ला संख्या आणि मध्ये थांबायचा वेळ द्या, नुसता रीट्राय सेवा बंद पडलेली असताना सेकंदाला कितीही कॉल मारू शकतो, आणि काही सेवा फसलेल्या कॉलचेही पैसे घेतात.

बिलावरचं बिल

परदेशी सेवेचं बिल डॉलरमध्ये येतं. कार्डावर बँकेचा परकीय चलन आकार लागतो, बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत, आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. सेवेवर स्वतंत्र १८ टक्के: तुमची जीएसटी नोंदणी असेल तर रिव्हर्स चार्जनं तुम्हीच भरायचे, नसेल तर बहुतेक परदेशी कंपन्या बिलातच लावतात. पाच टक्क्यांच्या दरानं जीएसटी लावणाऱ्या टॅक्सीवाल्याला हे १८ टक्के सहसा वजा मिळत नाहीत, म्हणजे तो खरा खर्च धरा, आणि सीएला एकदा विचारून घ्या. १,२९६चे कर धरून १,५२९ झाले.

आता ती शेअररिप्लेची गळती इथे येऊन कशी भिडते ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून दरमहा आपोआप कापली जाणारी रक्कम १५,०००पर्यंत असेल तर प्रत्येक वेळी ओटीपी लागत नाही. त्याच्या वर गेली की लागतो. एरवी दीड हजार कापले जायचे, या महिन्यात १९,४४० आले. ओटीपीचा संदेश मालकाच्या फोनवर आला, त्यानं फसवणूक समजून सोडून दिला, पैसे गेले नाहीत, सेवा देणाऱ्यानं खातं थांबवलं. नेमकं कधी? जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, दाट धुक्यात. म्हणून बिलाचा संदेश डेव्हलपरलाही जाईल असं करा.

करायचं की नाही

प्रामाणिक उत्तर: बऱ्याच जणांनी करू नये.

सहाच गाड्या असतील आणि पहाटेची विमानं दोन-तीनच, तर विमान कंपनीचं अ‍ॅप आणि विमानतळाचं संकेतस्थळ बघून व्हॉट्सअ‍ॅपवर चालकांना कळवणारा एक माणूस पुरतो. पंधरा-वीस गाड्या झाल्या, पहाटेच्या आठ-दहा फेऱ्या झाल्या, की अ‍ॅपचा विचार करा.

दुसरं, व्यावसायिक खात्याला महिन्याचा किमान आकार आहे का ते आधी विचारा. समजा तो १०० डॉलर आहे, म्हणजे ९,००० रुपये, करासकट १०,६२०. त्यात आपल्या दरानं २०,००० कॉल बसतात. रोज पहाटे दर मिनिटाला कॉल मारले तरी महिन्याला ७,२०० होतात. म्हणजे धुकं असो नसो, जलद स्ट्रीम सरसकट चालू ठेवली तरी बिल तेवढंच! अशा वेळी अट लिहिण्यात सोळा हजार घालणं शुद्ध वाया. फक्त सर्व्हरकडून वाटणी करून घ्या आणि थांबा. हा प्रश्न डेव्हलपर स्वतःहून काढणार नाही. त्याचं काम कमी होतं.

फुकट मार्ग म्हणून ओपनस्काय नेटवर्कचं नाव कुणीतरी काढेलच. तिथे नोंदणी केलेल्याला रोज ४,००० क्रेडिट मिळतात आणि देवनहळ्ळीएवढ्या लहान परिसराच्या कॉलला एक क्रेडिट जातं, म्हणजे आपल्या गरजेला भरपूर. पण ती सेवा संशोधनासाठी आणि बिनव्यावसायिक वापरासाठी आहे. मुलानं कॉलेजच्या प्रोजेक्टला वापरावी. गिऱ्हाईकाकडून भाडं घेणाऱ्या अ‍ॅपमध्ये त्यांच्या परवानगीशिवाय घालू नये.

तरीही करायचंच ठरलं, तर काम ताब्यात घेण्याआधी एक चाचणी समोर बसून करून घ्या. खोटा मेटार द्यायला लावा, दृश्यमानता ०३००. सर्व्हरच्या लॉगमध्ये विकतच्या सेवेकडे जाणारे कॉल मिनिटाला एक झाले पाहिजेत. पाच मिनिटांनी खोटा मेटार ९९९९ करा. पडद्याकडे बघू नका, लॉगकडे बघा: कॉल दहा मिनिटांना एक, यावर आले पाहिजेत. मिनिटाला एक तसेच चालू राहिले तर शेअररिप्ले नाहीतर फिल्टर, दोघांपैकी एक आहे. दुरुस्त होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.

आणि सेवेच्या डॅशबोर्डवर रोजच्या कॉलची कमाल मर्यादा घालता येत असेल तर ती ५०० वर ठेवा. नुसत्या बजेट अलर्टवर विसंबू नका. गूगल क्लाउडचा बजेट अलर्ट रक्कम ओलांडली की ईमेल पाठवतो. खर्च थांबवत नाही.